बटव्यातली बाटली आणि लाल डोळ्याची हाक

माय,

आपल्या घरात कनकी शिजायची. लोकांच्या बांधीत तू रोवलेला धान तुमसरच्या मिलमध्ये जायचा, तिथं बाबा पोती उचलायचे, अख्खा तांदूळ ट्रकात चढायचा आणि आपल्या घरी यायचा तो तुटका दाणा. बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं की तांदूळ असाच असतो, अर्धा. मामाच्या लग्नात पहिल्यांदा अख्ख्या तांदळाचा भात पानात पडला तेव्हा मी तुला विचारलं होतं, हे काय आहे. तू हसली नाहीस. "जेव," एवढंच म्हणालीस.

पुढं बाबांची कंबर गेली आणि मिल सुटली. घर तुझ्या हातांवर आलं. मी दहावीत असताना, कापणी उलटून मळणी चालू होती तेव्हा, तुझा उजवा डोळा गेला.

हे असं सुरुवातीलाच सांगितलेलं तुला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. कुणी पाहुणा आला आणि मी जुनं काही काढलं की तू म्हणायचीस, "रडगाणं कायले लावलं? शिकली ते सांग ना." आणि मग स्वतःच सांगायचीस. सिहोऱ्याच्या बसमध्ये कंडक्टरला सांगितलंस, बाजारात वांगेवाल्याला सांगितलंस, "माही पोरगी बुरशीत एम.एस्सी. झाली." मी म्हणायची, माय, सूक्ष्मजीवशास्त्र म्हण. तू म्हणायचीस, "तेवढं म्हणेपर्यंत गाडी तुमसरले पोचते."

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे जमले होते. वंदना झाली, मग लोक बोलले. कष्टाळू होत्या, प्रेमळ होत्या, लेकीला शिकवलं. खोटं काहीच नव्हतं, पण ते कुठल्याही बाईबद्दल बोलता आलं असतं. मी बोलायला उठले नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी तुझा बटवा होता, आणि बटव्यातली ती बाटली. ती कुणाला समजावून सांगायची म्हटली तर अर्धा दिवस गेला असता. म्हणून इथं लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे मी जे काही लिहायची ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागायचं. आताही तोंडानं म्हणतच लिहिते आहे, बाबा खाटेवरून बघताहेत.

बाटली आली तुझ्यासोबत कामाला येणाऱ्या सुगंधाच्या घरातून. तिच्या सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात टाकायला थेंब मिळाले, म्हातारा बरा झाला आणि अर्धी बाटली उरली. चांगलं औषध फेकायचं कसं, म्हणून ती टोळीकडे आली. रोवण्या-मळणीला जाणाऱ्या बायांची ती टोळी तुझी, म्हणून तुझ्याकडे. सुपारी, तंबाखू, सुई-दोरा आणि डोळ्याचं औषध, असा तुझा बटवा. खळ्यावर सुगंधाच्या, यमुना काकूच्या, कुणाच्याही डोळ्यात धानाचं कुसळ गेलं की तू तिला खाली बसवायचीस, पदराच्या टोकानं कुसळ काढायचीस आणि दोन थेंब सोडायचीस. डोळ्याची आग थांबायची. बाई पुन्हा उभी राहायची. बाटली संपली की रिकामी दाखवून दुकानातून तशीच दुसरी यायची. ते औषध टोळीचं होतं, जसा पाण्याचा हंडा टोळीचा असतो.

मग तुझ्याच डोळ्यात कुसळ गेलं. तू स्वतःच स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकलेस. दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम उजेडात नेऊन डोळा दाखवलास. "पाहाय, लाली उतरली." उतरलीच होती, मी पाहिली. तू कामाला गेलीस, रोज थेंब टाकत राहिलीस. आठवडा उलटला आणि बुबुळावर पांढरा ठिपका आला. तो पसरला. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे, आत गेली आहे, उशीर झाला. कुठलं औषध टाकत होता, असं त्यांनी विचारलं. तू बटव्यातून बाटली काढून त्यांच्यासमोर धरलीस. त्यांनी तिच्यावरचं नाव वाचलं. नंतर म्हणाले, "हे टाकायला नको होतं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते बारा महिने चालायचं.

"चुकीचं औषध होतं तं आराम काहून पडला?" हा तुझा प्रश्न. मी दहावीची पोर, डॉक्टर म्हणाले ते खरं, एवढंच म्हणायची. तू म्हणायचीस, "डॉक्टर खरंच बोलला असन. पण मी बी खोटं नाही बोलून राह्यली. माहा डोळा त्या थेंबानं दोन दिवसांत साफ झाला होता. यमुनेच्या डोळ्यात टाकलं, तिचा बरा झाला. सुगंधाचा झाला. मंग माहाच काहून गेला?"

तुला माहीत नाही, पण तुमसरच्या कॉलेजात मी विषय निवडला तो याच प्रश्नामुळे. फॉर्म भरताना सरांनी विचारलं, नोकरीच्या दृष्टीनं काही विचार केला आहेस का. मी म्हटलं, हो. काहीच केला नव्हता.

उत्तर सापडायला मला एम.एस्सी.पर्यंत जावं लागलं. आणि तुला ते सांगितलं त्या सकाळी तू अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होतीस. अख्खा तांदूळ. तोवर माझी नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, शिक्षण आणि नोकरी दोन्ही चालू होतं. बाबा खाटेवर होते. मी तुझ्यासमोर पाटावर बसले आणि म्हटलं, "माय, तुह्या प्रश्नाचं उत्तर भेटलं."

तू सूप थांबवलं नाहीस. "सांग."

"आधी तू सांग. रोवण्याले बाया कशा बोलावतं?"

"हे काय विचारणं झालं? बांधी पाहतो, पऱ्ह्याची रोपं किती हायत ते पाहतो, तेवढ्या बाया बोलावतो."

"कमी बोलावल्या तं?"

"पऱ्हे सुकते."

"जास्त बोलावल्या तं?"

"एकमेकींच्या पायाखाली रोवणं तुडवते, धुऱ्याचा बांध फोडते, आन गप्पाच मारते." तू माझ्याकडे पाहिलंस. "तुले परीक्षेत हेच विचारलं का?"

मग मी सांगितलं. बुबुळाचा जो पारदर्शक पडदा असतो त्यात रक्ताची नळी नसते, म्हणून तर तो काचेसारखा दिसतो. म्हणजे तिथं पहाऱ्याला जवळजवळ कुणी नसतं. कुसळाबरोबर बुरशी आत शिरली की लढणाऱ्या पांढऱ्या पेशी लांबून बोलवाव्या लागतात. बोलावतात त्या पडद्यावरच्या पेशी. बुरशीच्या अंगावर एका तऱ्हेची साखर असते, ती त्या ओळखतात आणि बारीक बारीक निरोप सोडतात. तो निरोप पोचला की डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या रक्ताच्या नळ्या फुगतात, पेशी तिथून निघतात, पाणी सुटतं, दुखतं. डोळा लाल होतो तो यामुळं. लाली म्हणजे बोलावणं पोचलं.

"त्या निरोपाले नाव काय?"

"सायटोकाइन. त्याच्यात बहुत जाती हायत. इंटरल्यूकिन-एक, इंटरल्यूकिन-सतरा, इंटरल्यूकिन-दहा..."

"नावं नाही? नुसते नंबरच?"

"नंबरच."

बाबा खाटेवरून म्हणाले, "जेलातल्यासारखे."

"तुम्ही थांबा ना," तू म्हणालीस. आणि मग तू जे केलंस ते मी आजही कॉलेजच्या पोरांना शिकवायला बोलावतात तेव्हा सांगते. तू त्यांना नावं दिलीस. पहिली हाक मारते ती एक नंबरवाली, ती तू. सतरा नंबरवाली काय करते, असं विचारलंस. मी म्हटलं, ती हाक चालू ठेवते, बाया कमी पडू देत नाही, बुरशीशी लढायला ती फार कामाची. तू म्हणालीस, "म्हणजे सुगंधा. तिचा गळा या गल्लीतून त्या गल्लीत जाते." आणि दहा नंबरवाली? मी म्हटलं, ती थांबवते. झालं, आता घरी चला, असं सांगते. तू खोखो हसलीस. "यमुना. दोन वाजले का तिचं सुरू होते, चला वो घरी, चला वो घरी."

त्यानंतर यमुना काकूला तू तोंडावर दहावाली म्हणायला लागलीस. तिला वाटायचं, तिच्या दहावी नापास लेकावरून टोमणा आहे. किती वर्षं तिनं तो राग धरला. शेवटी मलाच जाऊन समजवावं लागलं.

पण त्या सकाळी हसून झाल्यावर तू सूप खाली ठेवलंस आणि विचारलंस, "बाटलीनं काय केलं?"

"हाक मारणारीचं तोंड दाबलं. त्या थेंबात स्टेरॉइड होतं. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याले ते बरोबर, कारण त्याच्या डोळ्यात बुरशी नव्हती, नुसती सूज होती. तुह्या डोळ्यात बुरशी होती. थेंब पडले, निरोप बंद झाले. बाया आल्या नाही, म्हणून गलबला नाही. गलबला नाही म्हणून लाली नाही, दुखणं नाही. तुले आराम पडला, माय, ते खरंच होतं. पण बांधीत बुरशी एकटी राह्यली."

कोंबडी सुपाशी आली तरी हाकलली नाहीस. मला वाटलं, संपलं भांडण. इतक्या वर्षांनी दोघी खऱ्या निघालो, तुझा आराम खरा आणि डॉक्टरांचं म्हणणंही खरं. मी खूश होते.

"मंग यमुनेचा काहून नाही गेला?"

"प्रत्येक कुसळाले बुरशी नसते. तिच्या नव्हती."

"बरं." परत सूप हातात. दोन झटके. "नागपूरले मंग त्याईनं बुरशी मारली ना? औषध देऊन मारली. मेली तं डोळा काचेसारखा काहून नाही झाला? पांढराच काहून राह्यला?"

हे मला कुणी परीक्षेत विचारलं नव्हतं. मी सांगितलं ते असं, की उशिरा का होईना, औषध बदलल्यावर पेशी आल्या, आणि ढिगानं आल्या. त्या बुरशीवर जे काही फेकतात त्यानं बुरशी जळते, पण पडदाही विरघळतो. बुरशी मेल्यावरही त्या लवकर हटत नाहीत. मग शरीर ती जागा जशी जमेल तशी बुजवतं आणि तिथं काच राहत नाही, डाग राहतो.

"म्हणजे बाया नाही आल्या तरी नुकसान, आन जास्त वेळ राह्यल्या तरी नुकसान."

"हो."

"एवढं शिकून हेच? हे तं मले बिना शिकता ठाऊक होतं." आणि बाबांकडे बघून हसलीस. तो तुझा आनंद होता, माझ्यावर मात केल्याचा. तुझ्या त्या हसण्याचं मला फार बरं वाटलं, हे तेव्हा बोलले नाही.

बाटली मात्र तू फेकली नाहीस.

तो आपल्या भांडणाचा दुसरा भाग, आणि तो जास्त कडू होता. मी दर हंगामात विचारायची, बटव्यात काय आहे. तू दाखवायची नाहीस. एकदा मी चिडून म्हटलं, तुझा गेला तो गेला, आता दुसरीचा घालवशील का. तू शांतपणे म्हणालीस, "निशे, तू प्रयोगशाळेत बसतं. खळ्यावर बाईच्या डोळ्यात आग होऊन राह्यली, तिनं काय करायचं? घरी गेली तं तिचा वाटा गेला. काम उचल्यानं, ठेक्यानं घेतलं हाय, जेवढ्या हातानं होईन तेवढ्यात वाटून घ्याचं. थेंब टाकला तं उभी तरी राहते." मी म्हटलं, डोळा गेल्यावर वाटा घेऊन काय करेल. तू म्हणालीस, "डोळा जाईन का नाही ते उद्याचं. वाटा आजचा."

तू नुसतं जे आहे ते सांगितलंस. मी जेवले नाही त्या दिवशी. तूही नाहीस. बाबांनी एकट्यानं जेवून घेतलं आणि म्हणाले, "दोघी मिळून मलेच ताप."

आणि मग तो फोन आला. मी प्रयोगशाळेत होते, हातात काचपट्टी. तुझा फोन कधी दुपारी यायचा नाही. मागे थ्रेशरचा आवाज.

"पोरी, कुसळ गेलं."

"कोणाच्या?"

"माह्या. डाव्या डोळ्यात."

तुझा आवाज अगदी सरळ होता. तू म्हणालीस, "बाटली हातात हाय. बुच काढलं हाय. टाकू का नोको?"

तुझा एकच डोळा उरला होता. आग त्यातच होती. समोर थ्रेशर, धानाच्या पेंढ्यांचं अर्धं पुंजणं बाकी, आणि हातात ती गोष्ट जिच्यानं लगेच आराम पडतो हे तुझ्या स्वतःच्या अंगाला ठाऊक होतं. आणि तू टाकण्याआधी मला विचारलंस. मला पदवी मिळाली तेव्हा कॉलेजात टाळ्या वाजल्या होत्या, माय, पण मी शिकले याची खरी पावती तो फोन होता.

मी म्हटलं, "नोको टाकू. चोळू नोको. साध्या पाण्यानं धू आन आत्ता निघ."

"दुखते बहुत."

"दुखू दे. बोलावणं चालू हाय."

मग तू म्हणालीस, "बरं. सुगंधाले घेऊन येतो."

तुम्ही दोघी तुमसरला आलात, तिथून नागपूर. डोळा टोमॅटोसारखा लाल होता. दोन दिवसांनी बुबुळावर बारीक ठिपका दिसला, तेव्हा डॉक्टरांनी बधिर करून बुबुळावरची जखम हलकेच खरवडली आणि तो नमुना माझ्या टेबलावर आला. वरिष्ठ म्हणाल्या, तू नको बघू, मी बघते. मी म्हटलं, नाही, मीच बघते. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसले. बुरशी होती. या वेळच्या कुसळाला होती. थोडी होती, वरवर होती, पण होती. बटव्यातले दोन थेंब पडले असते तर काय झालं असतं ते मला काचेवर दिसत होतं.

नॅटामायसिनचे थेंब सुरू झाले, तासातासाला. ते बुरशी मारतात, हाक दाबत नाहीत, त्यामुळं आराम असा पडत नाही. किती दिवस तू लाल डोळा घेऊन माझ्या खोलीवर बसलीस. चिडायचीस. "बंद कर वो ह्या बाया आता. डोक्यात ठणका लागून राह्यला." मी म्हणायची, "अजून रोवणं बाकी हाय, माय." "त्या सुगंधाले तरी गप कर." सुगंधा तिथंच बसलेली असायची, तिला कळायचं नाही की तिचा काय संबंध. ती म्हणायची, "मी कुठं बोलली?" आणि आपण दोघी हसायचो, तू दुखऱ्या डोळ्यावर हात धरून.

बऱ्या झालेल्या त्या डोळ्यात कडेला एक डाग राहिला, कनकीच्या दाण्याएवढा. बाहुलीपासून लांब. दिसण्यात काही फरक नाही. तपासणीला डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता धरला, तू म्हणालीस, मला वाचता येत नाही. त्यांनी चिन्हांचा धरला, तू खालच्या ओळीपर्यंत बोटं दाखवत गेलीस.

घरी गेल्यावर तू बाटली उकिरड्यात ओतलीस. मी पाहिलं नाही, बाबांनी सांगितलं. पण त्यापुढं तू जे केलंस ते मला सुचलं नसतं. तू टोळी बसवलीस आणि नियम घातलास. ज्या बाईच्या डोळ्यात कुसळ जाईल तिनं डोळा पाण्यानं धुवायचा, दुसरं काहीच टाकायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, एक जण सोबतीला. आणि त्या दोघींचा वाटा कापायचा नाही. त्यांचं काम बाकीच्यांनी करायचं. यमुना काकू कुरकुरली म्हणे. "मी का दुसरीच्या डोळ्यासाठी कमर मोडू?" तू म्हणालीस, "दहावाले, तुले बी दोन डोळे हायत." बस. नियम झाला.

मी वर्षानुवर्षं बायकांना बुरशी समजावत होते. त्या थेंब टाकत होत्या ते वाट्यासाठी. तू वाटा सोडवलास आणि थेंब सुटला. याबद्दल मी तुला कधी शाबास म्हटलं नाही. आपल्यात तशी रीतच नव्हती. तूही मला म्हटलं नाहीस, तू कंडक्टरला सांगायचीस. आता मी लोकांना सांगते.

एक राहून गेलं. या पावसाळ्यात मी आले होते तेव्हा तू धुऱ्यावर बसून रोवणं बघत होतीस, आता वाकवत नव्हतं म्हणून. एकदम म्हणालीस, "निशे, ते दहावाली. घरी चला म्हणणारी. तिले कोण बोलावते?"

मी म्हटलं, वाचून सांगते.

वाचलं, माय. उत्तर असं आहे की बऱ्याचदा तिला वेगळं कुणी बोलवत नाही. ज्या पेशी लढायला येऊन पुढची हाकही मारतात त्यांच्यातल्याच काही, काम उरकत आलं की, थांबायचा निरोप सोडायला लागतात. तो निरोप फार लवकर सुटला तर बुरशीचं फावतं, उशिरा सुटला तर पडदा जातो. वेळ कशी ठरते हे अजून कुणाला धड माहीत नाही. आमच्या प्रयोगशाळेत आता डोळ्याच्या पाण्यातून हे निरोप तपासायचं काम सुरू होत आहे आणि मी त्यात आहे. पुढच्या रविवारी येऊन सांगणार होते. बुधवारी बाबांचा फोन आला. तू दुपारी भात खाऊन आडवी झालीस आणि उठली नाहीस. धानाच्या लोंब्या तेव्हा निसवत होत्या.

तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येतं. "म्हणजे बोलावणारीच घरी पाठवते. मंग मी काय करत होतो एवढे वर्षं?" खरंच, सकाळी गल्लीगल्लीतून हाक मारायचीस तू आणि संध्याकाळी बांधीकडे बघून "चला वो, झालं" म्हणायचीसही तूच. यमुना काकू नुसती दोनपासून भुणभुण करायची. तेव्हा तू नावं चुकीची दिलीस, एक आणि दहा दोन्ही तूच होतीस. हे ऐकून तू भांडली असतीस, आणि मला ते भांडण हवं होतं. तेवढी एक हळहळ आहे. बाकी मन शांत आहे, माय, खरं सांगते. तू खाऊन-पिऊन, चालती-बोलती, दिसत्या डोळ्यानं गेलीस. घरात अख्खा तांदूळ होता. बाबा अजून तुझ्या बाजूची खाट हलवू देत नाहीत, पण जेवतात नीट.

आता मळणी चालू आहे. टोळी सुगंधा बघते. हाक तिचीच, त्यामुळे पलीकडच्या गावालाही कळतं कामाला कधी निघायचं ते. मळणीच्या पहिल्याच दिवसांत खळ्यावर यमुना काकूच्या डोळ्यात कुसळ गेलं. तिनं पाण्यानं धुतलं आणि पुढचं काही कुणी सांगायच्या आधी स्वतःच म्हणाली, "चला, मले नागपूरले न्या, निशीकडे. आन माहा वाटा कापसान तं पाहा." दोन दिवसांनी तिचा नमुना माझ्याच टेबलावर आला. बुरशी होती. डोळा लाल होता, ती शिव्या देत होती, आणि मी खुर्चीवर बसून हसत होते, वरिष्ठांना कळेना काय झालं.

तीन आठवड्यांच्या थेंबांनंतर काल तिच्या डोळ्याची तपासणी झाली. तिला नीट दिसतं. तुझ्या उजव्या डोळ्यानंतर आपल्या टोळीतल्या एकाही बाईचा डोळा गेलेला नाही.

तुझी,
निशा